दंडसंहिता आणि शिधापत्रिका

१८६० साली संमत झालेल्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम अवघ्या काही ओळींचे होते. निसर्गक्रमाविरुद्ध शरीरसंबंध ठेवणाऱ्यास जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आशय. निसर्गक्रम म्हणजे काय, हे मात्र संहितेत कोठेही सांगितलेले नव्हते. ही केवळ अनवधानाने राहिलेली उणीव म्हणता येणार नाही. मूळ मसुदा सिद्ध करणाऱ्या मेकॉलेने आपल्या टिपणांत, या विषयाची जाहीर चर्चाच होऊ नये म्हणून विस्तार टाळत असल्याचे नमूद केले होते. ज्या भूमीतील वात्स्यायनाने 'तृतीया प्रकृती'चा उल्लेख निःसंकोचपणे केला, त्या भूमीसाठी हा कायदा मौनाच्या पायावर रचला गेला.

हे मौन मोडणाऱ्यांत 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांची गणना करावी लागेल. वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना, त्यांतच समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नांना, त्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ साली त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिले.

पुढे हा प्रश्न न्यायालयांतून पुढे-मागे होत राहिला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमत संबंध या कलमातून वगळले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि तसे करताना अशा व्यक्तींची संख्या अत्यल्प असल्याचेही म्हटले. मूलभूत हक्क डोकी मोजून द्यावयाचे नसतात, हे खरे तर वेगळे सांगावयास नको होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ही चूक दुरुस्त केली. इतिहासाने या लोकांची क्षमा मागावयास हवी, असे न्या. इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले.

तुरुंगाचे भय गेले. परंतु संसाराला तेवढे पुरत नाही. सरकारी अर्जात 'नाते' नावाचा एक रकाना असतो. वर्षानुवर्षे एकत्र राहणाऱ्या दोघांनी त्यात काय लिहावे? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारून तो विषय विधिमंडळाचा असल्याचे सांगितले; मात्र अशा जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणींचा विचार केंद्र शासनाच्या समितीने करावा, हे त्यात नोंदविले गेले. त्यानंतर २०२४ साली काही सूचना निघाल्या. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे, असे राज्यांना कळविण्यात आले. संयुक्त बँकखाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशित व्यक्ती म्हणून सुचविण्यास आडकाठी नाही, असेही स्पष्ट करण्यात आले.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु घर म्हणजे बहुतांशी अशाच गोष्टींची बेरीज असते, आणि त्या कचेरीतील कारकुनाच्या हातून घडतात. त्याला परिपत्रक ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही त्याने भुवया उंचावल्या, तर अर्जदार मुकाट्याने परत फिरतो.

याच सूचनांत मृतदेहाविषयीही एक सूचना आहे. जवळचे आप्त उपलब्ध नसतील, तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असे राज्यांना कळविलेले आहे. ज्या आप्तांनी जिवंतपणी दार बंद केले, ते रुग्णालयात येऊन उभे राहिले तर काय, याचे उत्तर तीत नाही.