ढोल कोणत्या रकान्यात भरायचा?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रिन्स्टनने जाहीर केलं, की २०२७-२८ च्या प्रवेशांपासून सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण पुन्हा सक्तीचे. एमआयटीने हेच २०२२ मध्ये केलं होतं. डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डला ते २०२४ मध्ये सुचलं. कारण काय, तर कॉलेजचा अभ्यास मुलाला झेपेल का, हे गुणांवरून बऱ्यापैकी कळतं! मध्य न्यू जर्सीतले आम्ही मराठी आईबाप हेच सांगत होतो, तेव्हा आमच्यावर घोकंपट्टीवाले असा शिक्का होता. तो शिक्का पुसायला कुणी आलेलं नाही.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. १९२० च्या दशकात हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या खुपू लागली आणि निव्वळ गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ तपासण्याची चाल पडली. पुढची काही दशकं मला कंटाळवाणी वाटतात. १९७५ मध्ये कॉमन ॲप्लिकेशन, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच अर्ज, आलं, १९९८ मध्ये ते ऑनलाइन झालं, अर्ज करणं सोपं झालं आणि अर्जांचे ढीग वाढले. आमची गोष्ट २०१० नंतरची.

आम्ही आलो ते कट-ऑफच्या मुलखातून. कॉलेजच्या फाटकावर यादी लागली की नाव शोधायचं, फी भरायची, विषय संपला. इथे त्या कॉमन ॲप्लिकेशनमध्ये समोर आले दहा रकाने. शाळेबाहेर काय काय केलंस ते त्यात लिहायचं, प्रत्येकाचं वर्णन दीडशे अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागाही धरून. आमच्या थोरलीचे गुण वर्गात सर्वात वरचे. बाकी ती गणपतीत ढोल वाजवायची, रविवारच्या मराठी शाळेत धाकट्यांना बाराखडी गिरवून घ्यायची आणि संध्याकाळी आजीला औषधं द्यायची. तासावर पैसे घेणाऱ्या सल्लागार बाईंनी हे सगळं वाचलं, आजीवर लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘‘फार घरगुती वाटतंय. हिच्या नावावर एखादी संस्था असती तर!’’ खरं तर त्या अर्जात घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकार होता. बाईंच्या लेखी तो नव्हता.

मग संस्थांचं पीक आलं. आमच्या एका गल्लीत तीन संस्थापक-अध्यक्ष होते, तिघेही अकरावीत. उन्हाळ्यात आजोळी जायचं, तिथल्या शाळेत वह्या वाटायच्या, फोटो काढायचे आणि शाळा सुरू झाली की त्याचा ‘ग्रामीण शिक्षण प्रकल्प’ करायचा. वह्या संपल्यावर त्या पोरांचं काय झालं, हे विचारायला एकही संस्थापक परत गेल्याचं मी ऐकलं नाही. आपली माणसं यात मागे नव्हती, हे सांगायला हवंच. भिशीला जमलेल्या बायका रेसिपीऐवजी सल्लागारांचे नंबर दडवू लागल्या होत्या.

२०१५ मध्ये शेजारच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो जिल्ह्याच्या शाळाप्रमुखांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, की मुलं ताणाने मोडताहेत. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा त्यांनी बंद केल्या. पालकांत उभी फूट पडली आणि पेपरवाल्यांनी तिला गोरे विरुद्ध आशियाई असं रूप दिलं. निदान चुकीचं नव्हतं, ताण होताच. पण औषध दिलं ते परीक्षेवर. दहा रकाने कोणत्याही एका शाळेच्या हातातले नव्हते. ते भरण्यासाठी शनिवार-रविवार जायचा तो जातच राहिला.

त्या दशकाचा खरा चेहरा दिसला कोर्टात. २०१८ मध्ये बॉस्टनला हार्वर्डच्या प्रवेश-पद्धतीवरचा खटला उभा राहिला आणि कळलं, की अभ्यास, उपक्रम आणि खेळ यांच्याबरोबरच हे लोक ‘व्यक्तिमत्त्वा’लाही श्रेणी देतात आणि नेमकी तिथेच आशियाई मुलं खाली घसरतात. जिल्हा न्यायालयाने २०१९ मध्ये तरी हार्वर्डचीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षी मार्चमध्ये रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचं दुकान उघडं पडलं. श्रीमंतांची पोरं न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून आत शिरत होती! २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले: सॅटचे गुण सारखेच असले, तरी वरच्या एक टक्का श्रीमंत घरातलं मूल आयव्ही आणि तत्सम कॉलेजांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या श्रेणी, ही त्याची तीन कारणं. पुढच्या यशाचा अंदाज या श्रेणींवरून येत नाही, गुणांवरून येतो. त्याच उन्हाळ्यात हार्वर्डवरच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार रद्द केला, पण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांच्या वशिल्याला त्या निकालाने हात लावला नाही.

थोरली रटगर्सला गेली, छान शिकली, नोकरीला लागली. तिला याचं काहीच वाटत नाही. राग मला येतो.

कारण गुण परत आले तरी रकाने तसेच आहेत. आता नववीतलं पोर पैसे मोजून ‘संशोधन’ करतं. आणि आमचं ढोल-पथक! पूर्वी सरावाला पोरं हाताला फोड येईपर्यंत वाजवायची, का वाजवतो हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. आता सराव संपताच सेवेचे तास लिहिलेला कागद सहीसाठी पुढे येतो आणि जानेवारीत अर्ज गेले की बारावीतलं कुणी फिरकत नाही. गेल्या वर्षी एका बापाने भर मीटिंगमध्ये विचारलं, ‘पथकप्रमुख’ हे पद एकाच वेळी चौघांना देता येईल का? त्याला कुणी हसलं नाही. ठराव मांडला गेला, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि प्रमाणपत्रं कोणत्या कागदावर छापायची यावर अर्धा तास चर्चा झाली.