घड्याळाने नाडी पाहिली, पुढे काय?

मनगटी घड्याळ वेळ दाखवते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आता ते नाडीही पाहते आणि ठोक्यांत अनियमितपणा आढळला की सूचना देते. असे उपकरण पाहून कौतुक वाटणे साहजिक आहे. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्यापुढे जाऊन विचारले पाहिजे, की याचा रुग्णाला उपयोग किती? आणि तो मोजायचा कसा?

प्रथम उपकरणाचे कार्य समजून घेऊ. घड्याळाच्या मागील बाजूस हिरवा प्रकाश देणारे डायोड असतात. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश चांगलाच शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील रक्तवाहिन्यांत रक्त क्षणभर वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. हा चढउतार टिपून दोन ठोक्यांमधील काळ मोजला जातो. तो काळ वेडावाकडा बदलत राहिला, तर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकाराची शंका येते. यात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो.

पहिली कसोटी अशी: सूचना खरी किती? समजा, १,००,००० तरुणांपैकी १०० जणांना हा विकार आहे आणि उपकरण १०० पैकी ९९ वेळा बरोबर सांगते. मग ९९ रुग्ण सापडतील. पण ९९,९०० निरोगी तरुणांपैकी ९९९ जणांनाही सूचना मिळेल! एकूण १,०९८ सूचनांपैकी खऱ्या फक्त ९९. आता हेच गणित १ लाख वृद्धांत १०,००० रुग्ण धरून करा. १०,८०० सूचनांपैकी ९,९०० खऱ्या निघतील. उपकरण तेच, पण ते कोणाच्या मनगटावर आहे यावर सूचनेचा भरवसा ठरतो.

अमेरिकेतील ‘ॲपल हार्ट स्टडी’मध्ये ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सूचना मिळाली २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्क्यांना. त्यांतील ४५० जणांच्या ईसीजी पट्टीच्या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा ३४ टक्क्यांत विकार आढळला. हा विकार अधूनमधून येतो-जातो, म्हणून बाकीच्या सर्व सूचना खोट्या होत्या असे मात्र नाही.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे: विकार सापडल्याने रुग्णाचे भले झाले का? डेन्मार्कमधील ‘लूप’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. ७० ते ९० वर्षे वयाच्या ६,००४ लोकांतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,५०१ जणांच्या त्वचेखाली हृदयाची लय सतत नोंदणारे यंत्र बसवले होते. बाकीच्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. यंत्र असलेल्यांपैकी ३१.८ टक्के, तर इतरांपैकी १२.२ टक्के लोकांत विकार सापडला. परंतु पक्षाघात वा अन्यत्र गुठळी होण्याचे प्रमाण अनुक्रमे ४.५ आणि ५.६ टक्के होते. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे निदान अडीचपटीहून अधिक झाले, लाभ मात्र सिद्ध झाला नाही. शिवाय गुठळ्या टाळणाऱ्या औषधांनी रक्तस्राव होण्याचा धोका असतोच.

तिसरी कसोटी खर्चाची. आरोग्य केंद्राकडे पैसा ठरावीकच असतो. तोच पैसा रक्तदाब तपासून नियमित औषधे देण्यावर खर्च केला, तर किती पक्षाघात टळतील? ही तुलना केल्यावाचून नव्या यंत्राचे मोल कळत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ साली अशा साधनांसाठी पुराव्याचे निकष जाहीर केले. साधनाच्या कामात जोखीम जितकी जास्त, तितका पुरावा भक्कम हवा, हे त्यांमागचे सूत्र आहे.

तेव्हा यापुढे ‘९९ टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचाल, तेव्हा कागद-पेन्सिल घ्या आणि विचारा: कोणत्या लोकांत अचूक? त्यामुळे कोणाचे आजारपण टळले? आणि किती खर्चात?