हिवाळी शिबिरे आणि पाच दिवसांचा खाडा

हिवाळा हा आंबेडकरी माणसाच्या विश्रांतीचा ऋतू कधीच नव्हता. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीला भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारीला नामविस्तार दिन. मधल्या फटीत नागपूरच्या अधिवेशनावरचे मोर्चे. शिवाय काही हिवाळे असे येतात की त्यांत श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही. २००६ चा हिवाळा खैरलांजीच्या आक्रोशात गेला. २०१८ चा जानेवारी भीमा-कोरेगावच्या हल्ल्यानंतर पोरांच्या जामीन अर्जांमागे धावण्यात गेला. अशा वेळी कोणी धम्मबांधव डिसेंबरअखेर गाठोडे बांधून ध्यान शिबिराला निघाला, तर वस्तीतून टोमणा ठरलेला असतो : ‘इकडे समाज पेटलाय आणि हे चालले डोळे मिटून बसायला!’

हा टोमणा हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हाला वाटते. कारण काही अंशी खुद्द बाबासाहेबच त्या बाजूला उभे आहेत. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात तत्कालीन भिक्खू संघावर त्यांनी कोरडे ओढले. बहुसंख्य भिक्खू ध्यानात किंवा आळसात वेळ घालवणारे साधू झाले आहेत, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता. ध्यान आणि आळस त्यांनी एकाच दमात उच्चारले, हे विसरून चालणार नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेतही त्यांनी हाच प्रश्न उभा केला : भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू परिपूर्ण माणूस घडवण्याचा होता की समाजसेवक घडवण्याचा? ज्यांना शिबिरे चालवायची आहेत त्यांनी या प्रश्नाला बगल देऊ नये. आणि ज्यांना शिबिरांना हसायचे आहे त्यांनी बाबासाहेबांनी नेमके कोणत्या ध्यानाला नाकारले तेही तपासावे. समाजाकडे पाठ फिरवून केलेले ध्यान त्यांनी नाकारले. मनाला केंद्रस्थानी ठेवणारा धम्म त्यांनी नाकारलेला नाही, उलट तोच स्वीकारला.

खरे तर बुद्धाच्या काळात या देशात हिवाळा हा चालण्याचा ऋतू होता. थांबायचे ते पावसाळ्यात. पावसात फिरणारे भिक्षू कोवळे पीक आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून वर्षावासाचा नियम आला. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी राहायचे, अभ्यास करायचा, चिंतन करायचे. वर्षावास संपला, कठिण चीवरदान झाले की पुन्हा चारिका, बहुजनांच्या हितासाठी. आपल्या विहारांनी वर्षावासाची परंपरा आपल्या पद्धतीने जपली. तीन महिने संध्याकाळी बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते, आयाबाया मांडी घालून ऐकतात. पण सलग चार-पाच दिवस घर सोडून राहणे पावसाळ्यात कोणाला जमते? गावाकडे पेरणी, शहरात गळके पत्रे, मुलांच्या शाळा. नाताळच्या आठवड्यात मात्र कोर्ट बंद असते, शाळांना सुट्टी पडते, नोकरदारांच्या रजा शिल्लक असतात. इंग्रजाने ठेवलेली सुट्टी आपल्या धम्माच्या कामी येते, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. म्हणून आपली शिबिरे हिवाळ्यात भरतात.

मावळातले भाजे हे त्याचे उत्तम ठिकाण. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे आणि चालत सुटायचे. त्रिरत्न बौद्ध महासंघाचे शिबिर केंद्र तिथेच आहे. हा महासंघ २०१० पूर्वी त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण म्हणून आपल्याला ठाऊक होता. त्याचे संस्थापक संघरक्षित ६ डिसेंबर १९५६ ला नागपुरातच होते आणि पोरक्या झालेल्या नवदीक्षितांना धीर देत त्यांनी पुढचे काही दिवस सभेमागून सभा घेतल्या. ध्यानाला बसणारा माणूस समाजाच्या कामाचा नसतो म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

भाज्याची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. त्यामुळे डिसेंबरात सकाळचे ऊन तिथे फार उशिरा पोचते. पहाटे बंबाच्या धुराचा वास, अंगावर शाल, हातात चहाचा पेला आणि बोलणे बंद. आधी आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे. मग मेत्ता भावना. मेत्ता भावनेत एक पायरी अशी येते की शत्रूचेही मंगल चिंतायचे असते. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात वर्षभर आरोपीच्या वकिलाशी भांडणाऱ्या माणसाला ही पायरी काय जड जाते, ते आम्हाला विचारा! त्याचे मंगल चिंतायचे म्हणजे खटला मागे घ्यायचा नव्हे. खटला तसाच चालवायचा, पण साक्षीदार फितूर झाल्याच्या रात्री स्वतःचे डोके भिंतीवर आपटायचे नाही. एवढा फरक पडतो आणि तो थोडा नाही.

दुपारी लेण्यांवर जाता येते. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळ लाकडी कमानी अजून शाबूत आहेत. बाजूच्या खोल्यांत दगडातच कोरलेले ओटे आहेत. भिक्खूला निजायला आणि बसायला जागा लागते, याची सोय करूनच ते डोंगर खोदले गेले. चळवळीला ही अक्कल आहे का? आपल्या कार्यकर्त्याच्या रक्तदाबाची, मधुमेहाची, पन्नाशीच्या आत येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्याची, आणि स्पष्टच बोलायचे तर संध्याकाळच्या बाटलीची चर्चा आपण अंत्ययात्रेवरून परतताना करतो. त्याला जिवंतपणी कुठे बसवायचे, याचा विचार कोणत्याही गटाच्या अजेंड्यावर नसतो.

पण आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. या शिबिरांत येतो कोण? निवृत्त बँक अधिकारी, शिक्षक, सरकारी कर्मचारी. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सोय केली, चांगलेच केले. इगतपुरीला त्यामुळे साहेब लोकही दहा दिवस मौन पाळू लागले. आमच्याकडे मात्र पोटगीच्या अर्जासाठी येणारी एक उपासिका आहे. चार घरची धुणीभांडी करते. वर्षावासात ग्रंथवाचनाला एक दिवस चुकवत नाही. शिबिराला चला म्हटल्यावर ती म्हणाली, ‘वकीलसाहेब, शांत बसायचं तर पाच दिवसांचा खाडा पडतो. आणि परत येईस्तोवर बाईनं दुसरी ठेवली तर?’ यावर आमच्याकडे कायद्याचे उत्तर नव्हते. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्याने तिला हक्काची साप्ताहिक सुट्टी दिली नाही.

विश्रांती ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे या देशाला शिकवले कोणी? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी. भरपगारी सुट्ट्यांची तरतूद १९४५ ची. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्यातील दुरुस्ती १९४६ ची. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये कामगाराला निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचा पुरेपूर उपभोग घेता यावा, असे राज्याला बजावले आहे. फुरसत हा शब्द घटनेत आहे, हे आमच्या कित्येक वकील मित्रांनाही सांगावे लागते. आणि त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि कामगाराची संमती घेणार, असा खुलासा झाला. कंत्राटी कामगाराची संमती कशी मिळते, हे कामगार न्यायालयाची पायरी चढलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. बारा तास उभे राहून आलेला तरुण विहारात बसेल की आडवा होईल?

तेव्हा कायद्याची लढाई चालूच राहील. पण तोवर आपण काय करायचे? उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरून ठेवले आहे. (पांडवलेणी म्हणणे आता तरी सोडा. पांडवांचा तिथे काय संबंध?) क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्खू संघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. मुद्दल मोडायचे नाही, व्याजावर चालवायचे. पैसा ठेवला कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० झाले. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब तंतोतंत जुळतो. शिवाय हे सारे निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवल्याचेही लेखात आहे. आजच्या कोणत्याही ट्रस्ट डीडला लाजवेल असा हा दस्तऐवज आहे. आणि दान फक्त राजाच्या जावयाचेच असे नव्हे. कार्ल्याच्या लेखांत सुताराचेही नाव आहे.

आपल्या विहारांकडे पैसा नाही, असे कोणी म्हणू नये. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात, कमानी लागतात, पुढाऱ्यांचे फलक लागतात. त्यातला काही भाग बाजूला काढून विहाराच्या नावे मुदत ठेव करावी. तिला अक्षयनीवी हेच नाव द्यावे, मुद्दलाला हात लावू नये, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब चोख द्यावा. रोजंदारी ५०० रुपये धरली तर एका बाईचा पाच दिवसांचा खाडा २,५०० रुपयांचा होतो, प्रवास आणि शिबिराचा खर्च वेगळा. वस्तीतून वर्षाला चार जणी पाठवायच्या म्हटल्या तर खाड्यापोटी १०,००० रुपये लागतील. वर्षाला शेकडा ६ व्याज मिळाले तर मुद्दल १,६६,६६७ रुपये. उषवदाताच्या काळी व्याज शेकडा १२ होते, म्हणून त्याचे काम कमी मुद्दलात भागले.

आमच्या विहाराच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. विरोध होईल. डीजेवाले तरुण चिडतील. त्यांना पहिल्या तुकडीत भाज्याला घेऊन जायचा आमचा विचार आहे, बंब पेटवायला माणसे लागतातच.