ताप उतरला, मग सांधे का दुखतात? चिकुनगुनियानंतरच्या दुखण्याची कारणे

चिकुनगुनियाचा ताप बहुतेकांना आठवडाभरात सोडतो. सांधे मात्र अनेकांचे महिनोन्‌महिने, काहींचे वर्षानुवर्षे दुखतात. सकाळी मूठ वळत नाही, जिना उतरताना घोटे ठणकतात. तीन महिन्यांनंतरही त्रास राहिला, तर तो दीर्घकालीन मानला जातो. यामागे काय असू शकते?

विषाणूचे अंश : रक्तातून विषाणू गेला तरी त्याचे अंश सांध्याच्या अस्तरातील पेशींत राहू शकतात. २००५-०६ मधील रियुनियन बेटावरील साथीनंतर एका रुग्णाच्या सांध्यात १८ महिन्यांनीही विषाणूचा आरएनए आढळला होता.

न थांबलेला दाह : विषाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती वेळेत शांत होत नाही. तिच्या रसायनांमुळे सांध्यांची सूज टिकून राहते.

नवा किंवा जुना संधिवात : काहींमध्ये आमवातासारखा आजार सुरू होतो, तर आधीचा संधिवात उफाळून येतो. चाळिशीपुढे आणि सुरुवातीचा त्रास तीव्र असल्यास धोका अधिक.

काय करावे?

तापात डेंग्यू नाही हे स्पष्ट होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे. रक्तस्रावाचा धोका असतो. स्टेरॉइड स्वतःहून घेऊ नये. सूज दबते, पण मूळ आजार झाकला जातो. हलका व्यायाम सुरू ठेवावा. सूज टिकल्यास संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. तपासणीत आमवात निघाला, तर लवकर उपचारांनी सांधे वाचवता येतात. म्हणून ‘ताप गेला, आता कसलं दुखणं’ असे म्हणत अंगावर काढू नये.