जॉर्जियाने रस्त्यावरची लाच कशी मोडली

माल पिकवणे हे निम्मेच काम. तो बाजारात पोचवून पैसा घरी आणायचा असतो, आणि वाटेतच कोणी हात पसरला तर घरी काय येणार? जॉर्जिया देशात एके काळी हे रोजचेच झाले होते.

काळ्या समुद्राकाठचा हा देश आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान. द्राक्ष हे तिथले फार जुने पीक. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि देश स्वतंत्र झाला, पण मागोमाग यादवी आली, तिजोरी रिकामी झाली. पोलिसाचा पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाही. नोकरी मात्र पैसे मोजून मिळवावी लागे. मग मोजलेला पैसा वसूल कोठून करायचा? रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडून! चूक असो वा नसो, पोलिसाने हात केला की खिसा मोकळा करायचा. जमलेल्या रकमेचा वाटा वरिष्ठांपर्यंत पोचे.

नोव्हेंबर २००३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. अध्यक्ष शेवर्दनाझे पायउतार झाले आणि जानेवारी २००४ मध्ये मिखाईल साकाश्विली अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी वाहतूक पोलिसांचे दलच बरखास्त केले. पंधरा-सोळा हजार माणसे घरी गेली. लव्हाळा वरवर खुरपला तर पुन्हा फुटतो, गाठीच काढाव्या लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मात्र त्या माणसांत काही प्रामाणिकही असतील. त्यांच्यावर अन्यायच झाला, असे मला वाटते.

नवे गस्ती पोलीस परीक्षा घेऊन निवडले. पगार सुमारे दहापट झाला. दंड पोलिसाच्या हाती न देता बँकेत भरायचा, असा नियम झाला. नवे लोक लाच घेतात का, हे पाहायला साध्या वेशातली माणसेही पाठवली जात. काचेच्या भिंतींची पोलीस ठाणी उभी राहिली. त्यांचे फोटो जगभर छापले गेले, पण माझ्या मते खरे काम केले ते पगाराने आणि बँकेच्या पावतीने. भ्रष्टाचाराच्या जागतिक क्रमवारीत २००३ साली १३३ देशांत १२४ वा असलेला जॉर्जिया २०१२ साली १७६ देशांत ५१ वा आला.

पण याच सरकारच्या काळात तुरुंग भरून वाहू लागले. न्यायालयातून निर्दोष सुटणे जवळजवळ अशक्य झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये तिब्लिसीच्या ग्लदानी तुरुंगातील कैद्यांच्या छळाची चित्रफीत दूरदर्शनवर दिसली आणि लोक संतापले. पुढच्याच महिन्यात साकाश्विलींचा पक्ष निवडणूक हरला.

सरकार बदलले तरी गस्ती पोलीस राहिले आणि रस्त्यावरची जुनी वसुली काही परतली नाही. पोलिसांना जाब विचारणारी स्वतंत्र यंत्रणा मात्र तशी रुजली नाही. २०२४ च्या हिवाळ्यात राजधानीत निदर्शने झाली, तेव्हा पोलिसांनी लोकांना बेदम मारल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या.