खाचरातला वाल, कॅम्पातली साई भाजी : उल्हास खोऱ्यातील हिवाळी स्वयंपाक

उल्हास खोऱ्यातील हिवाळी स्वयंपाकाचे मूळ भाताच्या खाचरात आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत दिवाळीच्या सुमारास भात निघतो आणि मोकळ्या झालेल्या खाचरात जी ओल उरते तिच्यावर वाल पेरला जातो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर तो वाढतो आणि पौष-माघात शेंगा भरतात. हा भाग समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे रात्री जमीन लवकर निवते. थंडीच्या दिवसांत बदलापूरचा पारा मुंबईपेक्षा काही अंश खाली असतो तो त्यामुळेच. मुंबईकर ज्याला गारवा म्हणतो त्याला इथे थंडीच म्हणावे लागते, आणि तिला साजेसा स्वयंपाकही इथे आहे. तो एका जातीचा किंवा एका प्रांताचा नाही. मूळचे आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी, फाळणीनंतर आलेले सिंधी, आणि कारखान्यांच्या मागोमाग आलेले खानदेश, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार आणि दक्षिणेकडचे लोक अशा थरांवर थर चढत तो तयार झाला. चुली वेगवेगळ्या, पण भाजीबाजार एक; या स्वयंपाकाचे सगळे वैशिष्ट्य त्यात आहे.

वालाच्या शेंगा कोवळ्या-जून होण्याच्या मधल्या अवस्थेत असतात तेव्हा पोपटी लागते. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पनवेल, कर्जतकडे तिचा जोर अधिक. कर्जत तालुका बदलापूरला लागूनच असल्याने बदलापूर-वांगणीच्या शिवारातही ती होते. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दडपून बसवतात. हा पाला भाताच्या बांधावर तणासारखा उगवतो आणि त्याला ओव्याच्या जवळचा उग्र वास असतो. त्यावर न सोललेल्या शेंगांचा थर, जाडे मीठ आणि ओवा. मध्ये अंडी, बटाटे, रताळी, आणि मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, आणि शेवटी पाल्याचा जाड बोळा. मडके उपडे ठेवून त्याभोवती पेंढा, गोवऱ्या आणि काटक्या रचून पेटवतात. आत पाण्याचा किंवा तेलाचा थेंब नसतो. शेंगांतल्या पाण्याचीच वाफ होते, तोंड जमिनीकडे असल्याने ती कोंडली जाते, आणि भांबुर्ड्याचा वास घेऊन मांसात शिरते. अर्ध्या-पाऊण तासात पोपटी तयार होते. दक्षिण गुजरातेत वलसाडकडचे उंबाडियू याच तत्त्वावर शिजते. तेही उपड्या मडक्यातले आणि हिवाळ्यातलेच. अलीकडे शेतघरांवर विकतच्या पोपट्या लागतात, तिथे पाला कमी आणि लाल मसाला जास्त असतो. अशा पोपटीला तंदुरीची चव येते, वालाची येत नाही.

शेंगा वाळल्या की कडवा वाल घरात येतो आणि वर्षभर पुरतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांचे बिरडे याचेच. वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हे वेळखाऊ काम पाककृतीच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते, प्रत्यक्षात त्यात घरातली दोन माणसे गुंततात. भिजवणाचे पाणी फेकून देण्यामागे चवीपलीकडचे कारण आहे. वाळलेल्या वालात सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये असतात, आणि भिजवणे, पाणी टाकणे व नीट शिजवणे यांमुळे त्यांचे प्रमाण खाण्याजोगे खाली येते. कांदा, ओले खोबरे, आमसूल आणि किंचित गूळ घातलेले बिरडे गरम भातावर घेतात. भात बहुधा नवा असतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले ‘कर्जत ३’सारखे वाण या पट्ट्यात रुजले आहेत. नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून आधणात पाणी हात राखून घालावे लागते. जुन्या तांदळाच्या मापाने पाणी घातले की भाताचा गिचका झालाच.

याच दिवसांत डोंगरपट्ट्यातल्या ठाकूर आणि कातकरी बायका बदलापूर-कल्याणच्या बाजारात करांदे आणि कणंगे घेऊन बसतात. करांदा वेलीला हवेत लागतो. बाहेरून खरबरीत, आतून पिवळसर आणि चवीला कडवट. मीठ घालून उकडला की कडूपणा उतरतो, पण पूर्ण जात नाही, आणि खाणाऱ्याला तो तसाच हवा असतो.

सिंधी थर यावर चढला तो १९४७ नंतर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईत उतरलेल्या सिंधी निर्वासितांना तिच्या रिकाम्या बराकींत ठेवण्यात आले. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींचे गट मात्र अजूनही कॅम्प १ ते कॅम्प ५ म्हणूनच ओळखले जातात; पत्ता सांगताना उल्हासनगरकर कॅम्पाचा आकडा आधी सांगतो.

बराकीत एका खोलीत एक कुटुंब, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि एक शेगडी, अशा संसाराला एका भांड्यात शिजणारे जेवण सोयीचे होते. साई भाजी तशीच आहे. पालक भरपूर, आंबटपणासाठी चुका, जोडीला शेपू आणि थोडी मेथी. भिजवलेली हरभरा डाळ, बटाटा, वांगे, गाजर, टोमॅटो. सगळे एकत्र मऊ शिजवून लाकडी रवीने घोटायचे. पार गुळगुळीत झाली तर साई भाजी बिघडली असे जुन्या सिंधी घरांत मानतात, डाळीचा दाणा दाताखाली यायला हवा. वर लसणाची फोडणी, सोबत भुगा चावर, म्हणजे कांदा तांबूस करून त्यात शिजवलेला भात. चुका आणि शेपू कोकण-देशावरच्या पालेभाजीच्या टोपलीत आधीपासून होतेच, त्यामुळे या पदार्थाला इथे काहीच अडले नाही. थंडीत पालेभाज्या स्वस्त आणि कोवळ्या असतात, म्हणून साई भाजी बाराही महिने होत असली तरी तिचा हंगाम हिवाळाच.

सिंधी कढी रविवारची. दही नसलेली ही कढी मराठी माणसाला पहिल्यांदा चमत्कारिक वाटते. बेसन तेलात मंद आचेवर खमंग भाजून त्यात पाणी घालतात, चिंचेने किंवा आमसुलाने आंबट करतात, आणि त्यात शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी, बटाटा सोडतात. बेसन कच्चे राहिले तर कढीला पिठूळ वास येतो, करपले तर ती कडू होते. अख्ख्या कढीचे नशीब त्या पहिल्या दहा मिनिटांत ठरते. भें, म्हणजे कमळाचे देठ, ही आणखी एक आवडीची गोष्ट. छिद्रांत अडकलेला चिखल धुऊन काढणे हेच त्यातले खरे काम. सकाळच्या नाश्त्याला कडक पकवान आणि वर हरभऱ्याची डाळ. थंडीसाठी खास म्हणजे माजून. खवा, खसखस, बदाम-पिस्ते आणि तूप यांचा हा घट्ट, पौष्टिक गोड पदार्थ घराघरांत होतो आणि मिठाईच्या दुकानांतही येतो.

मराठी घरांतला माजूनचा जोडीदार डिंकाचा लाडू. धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक तुपात फुलवून, खारीक, सुके खोबरे आणि खसखस घालून तो वळतात. मेथीच्या लाडवाला अधिक तयारी लागते. मेथीचे पीठ काही दिवस तुपात भिजत ठेवले की त्याचा कडूपणा मवाळ होतो; घाईने केलेला मेथीचा लाडू घरात कोणी दुसऱ्यांदा मागत नाही.

तिसरा थर कारखान्यांचा. अंबरनाथला आगपेट्यांचा विमको कारखाना १९२०च्या दशकात उभा राहिला, पुढे संरक्षण खात्याचा आयुधनिर्माणी कारखाना आला, आणि १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाल्यावर मोरिवली, चिखलोली, आनंदनगर या भागांत रसायने, औषधे आणि अभियांत्रिकीचे लहान-मध्यम कारखाने वाढत गेले. महामंडळाने बदलापूरजवळ बांधलेल्या बारवी धरणाचे पाणी याच कारखान्यांना आणि भोवतालच्या शहरांना मिळते. कामगार आले ते बहुतेक कोरडवाहू मुलखांतून, आणि त्यांच्याबरोबर तांदळाच्या या खोऱ्यात बाजरी आली.

बाजरीची भाकरी ही थंडीची आणि कसबाची गोष्ट. बाजरीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून पीठ गरम पाण्यात, लागेल तेवढेच मळून लगेच थापावे लागते. बाजरीत स्निग्धांश बराच असल्याने दळलेले पीठ लवकर खवट होते. थोडे थोडे दळून आणण्याची रीत त्यामुळे पडली. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की उलटायची आणि शेवटी आचेवर फुगवायची. कडा फाटल्या तर पीठ जुने किंवा पाणी थंड, असा सरळ निदान-नियम आहे. बदलापूर आणि अंबरनाथच्या पोळी-भाजी केंद्रांवर हिवाळ्यात बाजरीच्या भाकरीची वेगळी पाटी लागते.

खानदेशी कुटुंबांची थंडी भरताने सुरू होते. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडग्याच्या रूपाने परत येतात, आणि पुढे महिनाभर भरताच्या पार्ट्या चालतात. वांगे जळगावकडचे हिरवे, मोठे, कमी बियांचे. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन आहे. खानदेशात ते कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालतात. सदनिकेत कापसाच्या काड्या कुठून येणार? गॅसवर भाजलेल्या वांग्याला धुरकट वास येतो, पण काड्यांच्या जाळाचा गोडसर वास येत नाही, आणि खानदेशी माणूस हा फरक पहिल्या घासाला ओळखतो.

भोगीच्या दिवशी सगळे थर जवळ येतात. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची मिसळीची भाजी म्हणजे त्या आठवड्यातल्या बाजाराची नोंदवहीच: वांगी, गाजर, वालपापडी, पावटे, ओला हरभरा, ओले शेंगदाणे, बोरे. तिळाचे कूट, चिंच-गूळ आणि गोडा मसाला घालून केलेल्या या भाजीबरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी. १३ जानेवारीच्या त्याच संध्याकाळी उल्हासनगरात सिंधी लोक लाल लोई पेटवतात आणि आगीत नारळ अर्पण करतात. दुसऱ्या दिवशी त्यांची तिरमूरी, ज्यात माहेरहून लेकीकडे तिळाचे लाडू आणि मुळे जातात. उत्तरेकडच्या कामगारांच्या खोल्यांवर उडदाची खिचडी किंवा दही-चिवडा असतो, तमिळ घरांत तांदूळ-मूग-गुळाचे पोंगल. तीळ, गूळ, नवे तांदूळ आणि मूग एवढ्या चार जिनसांवर बहुतेक सगळ्यांचा सण उभा आहे. ओला हरभरा आणि बोरे यांचे भाव मात्र त्या दोन दिवसांत सर्वांसाठी सारखेच चढलेले असतात.

थंडीत कडधान्य, पालेभाजी आणि भरड धान्य एकत्र आणण्याची रीत दूरदेशीही आहे. अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत १ जानेवारीला चवळी आणि भात एकत्र शिजवून, कोलार्डच्या पानांची भाजी आणि मक्याच्या पावाबरोबर खातात. चवळी मूळची आफ्रिकेची. तिकडे ती गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर पोचली. तेही घर सोडावे लागलेल्या माणसांचे जेवण, आणि त्यातही वर्षारंभाचा शकुन साध्या कडधान्यात शोधलेला आहे.

संक्रांतीचा मानाचा पदार्थ गुळाची पोळी. किसलेला गूळ, तेलात भाजलेले बेसन, तिळाचे कूट, खसखस आणि जायफळ मळून सारण करतात. सारण आणि कणीक यांचा मऊपणा सारखा असला तरच लाटताना गूळ कडेपर्यंत पोचतो. सारण घट्ट राहिले तर पोळी मध्येच भरलेली आणि कडा कोरड्या. सैल झाले तर गूळ तव्यावर फुटून जळतो. तिळाच्या वडीसाठी चिकीचा गूळ निराळा घेतात, आणि त्याचा पाक थंड पाण्यात टाकून मोडून पाहतात: कडकन तुटला की झाला.

हे सारे कारखान्यात पोचते ते डब्यातून. कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ४६ प्रमाणे २५०हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह चालवायला २०२५पर्यंत लावता येत असे. अंबरनाथ एमआयडीसीतले पुष्कळ कारखाने त्याहून लहान आहेत. म्हणून पाळीच्या जेवणाची भिस्त घरच्या डब्यावर, खानावळीवर आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर राहते. पहिल्या पाळीचा डबा पहाटे भरावा लागतो, त्यामुळे रस्सेदार भाजीपेक्षा भाकरी, ठेचा, पिठले आणि भरीत यांना मान. निवल्यावर बिघडत नाही ते डब्यातले खरे जेवण, हा निकष कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात नसला तरी या वसाहतीत तोच चालतो. रात्रपाळी सुटताना टपऱ्यांवर लिट्टी-चोखाही मिळतो.

थंडी ओसरते ती महाशिवरात्रीच्या सुमारास. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराभोवती तेव्हा यात्रा भरते. उपवासाला रताळी आणि गुळात कालवलेले कवठ असते. होळीला उल्हासनगरच्या मिठाईवाल्यांच्या कढईत ताटाएवढे गीहर पडू लागतात, कॅम्पातल्या गच्च्यांवर मिरीचे सिंधी पापड वाळत पडतात, आणि खाचरातला वाल झोडपून कणगीत गेलेला असतो.