डॅनियल बून याच्या कीर्तीचा जमाखर्च

अमेरिकेतील वसाहतींचा इतिहास वाचणारांस डॅनियल बून हे नाव अपरिचित नाही. ॲपलाचियन पर्वत ओलांडून केंटकीच्या अरण्यात वाट पाडणारा, खांद्यावर बंदूक टाकून एकटा हिंडणारा शूर शिकारी, अशी त्याची मूर्ती ग्रंथांनी व चित्रांनी जगापुढे उभी केली आहे. ही मूर्ती सर्वस्वी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु नुसती जमेची बाजू पाहून पेढीची खरी स्थिती कळत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. या कीर्तीचा खर्च कोणी सोसला, हे पाहिल्यावाचून बूनच्या चरित्राचा बोध पुरा होत नाही.

बूनचा जन्म १७३४ साली पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. बाप इंग्लंडातील डेव्हन परगण्याहून आलेला. विणकाम व लोहारकाम करून संसार चालविणारा. थोरल्या मुलाने पंथाबाहेरील मुलीशी लग्न केले व बापाने त्याबद्दल माफी मागण्याचे नाकारले, एवढ्यावरून पंथाने १७४८ साली बापास बहिष्कृत केले. पुढे लवकरच हे कुटुंब उत्तर कॅरोलिनातील याडकिन नदीच्या खोऱ्यात राहावयास गेले. बहिष्काराचे शस्त्र आमच्याच समाजाने शोधून काढले असे मानणारांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१७५६ साली बूनने रिबेका ब्रायन हिच्याशी विवाह केला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा व ती सतरा वर्षांची होती. लग्नानंतर लवकरच मयत दिराची दोन पोरकी मुले तिच्या पदरात आली. पुढे तिला स्वतःची दहा अपत्ये झाली. हरणांची कातडी व इतर जनावरांची केसाळ चामडी मिळवून विकणे हा बूनचा धंदा असल्यामुळे तो महिनोन्‌महिने रानात असे. १७६९ च्या मे महिन्यात तो केंटकीकडे गेला, तो १७७१ साली परत आला. या दोन वर्षांत शेत पिकविणे, गुरे राखणे, सूत कातणे आणि लेकरांच्या तोंडी घास घालणे हे सारे रिबेकाने केले. तिला लिहिता येत नसे. दस्तऐवजावर ती केवळ निशाणी करी. म्हणून तिची बाजू सांगणारे तिच्या हातचे एक पानही आज उपलब्ध नाही.

या घराने दिलेली किंमत पाहा. १७७३ साली केंटकीत वस्ती करण्यास निघाले असता सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स इंडियन लोकांच्या हल्ल्यात हाल होऊन मारला गेला. १७७६ च्या जुलैत कन्या जमायमा हिला दोन मैत्रिणींसह पळवून नेले. बापाने दोन दिवसांत माग काढून तिघींस सोडविले. १७७८ साली खुद्द बून शॉनी लोकांच्या कैदेत सापडला व तेथील प्रमुख ब्लॅकफिश याने त्यास पुत्र मानले. चार महिन्यांनी सुमारे १६० मैल तुडवून तो आपल्या गढीत परतला, तो पती मेला असे समजून रिबेका मुलांसह उत्तर कॅरोलिनास निघून गेलेली! १७८२ साली ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इस्रायल बापाच्या डोळ्यांदेखत पडला.

खर्चाची दुसरी रक्कम परक्यांच्या नावे पडली आहे. १७७५ साली रिचर्ड हेंडरसन याच्या कंपनीने चेरोकी पुढाऱ्यांकडून केंटकीचा विस्तीर्ण मुलूख खरेदी केला. ड्रॅगिंग कनू नामक तरुण चेरोकी पुढाऱ्याने त्यास विरोध केला. आणि ज्या शॉनी लोकांची ती शिकारीची भूमी, ते तर या व्यवहारात पक्षकारही नव्हते. याच कंपनीसाठी बूनने कंबरलंड खिंडीतून रस्ता पाडला. तेव्हा ज्यास चरित्रकार ‘ओसाड अरण्य’ म्हणतात, ते दुसऱ्या कोणाचे तरी घरदार होते. शिवाय १७८७ पर्यंत बूनच्या मालकीचे सात गुलाम होते. स्वातंत्र्याचा पुतळा म्हणून ज्यास मिरवितात, त्याच्या दारी माणसे मालमत्ता म्हणून राबत होती.

इतके करून हाती काय राहिले? केंटकीत एकाच जमिनीवर चार-चार जणांचे दावे, मोजणी सदोष, नोंदी अपुऱ्या. बून स्वतः मोजणीदार, पण कागदपत्रांच्या बाबतीत गाफील. कोर्टकज्ज्यांत व कर्जांत त्याच्या जमिनी गेल्या. १७९८ साली केंटकीच्या विधिमंडळाने एका जिल्ह्यास त्याचे नाव दिले. त्याच साली साक्षीस हजर न राहिल्याबद्दल त्याच्या नावे पकड-हुकूमही निघाला! १७९९ साली तो स्पेनच्या ताब्यातील मिसूरीत गेला व तेथे त्यास जमीन मिळाली. १८०३ साली तो मुलूख अमेरिकेने विकत घेतल्यावर पक्क्या कागदाअभावी तीही गेली. १८१४ साली काँग्रेसने ती परत दिली, तेव्हा त्याने तिचा बहुतेक भाग विकून जुनी देणी फेडली. ही सचोटी मात्र त्याच्या जमेस निःसंशय मांडली पाहिजे. परंतु ते पाहावयास रिबेका उरली नव्हती. १८१३ साली तिचे देहावसान झाले होते. १८२० साली धाकटा मुलगा नेथन याच्या घरी बूननेही देह ठेवला.

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना घरच्या स्त्रीस एका ओळीत उरकावयाचे, ज्यांची भूमी गेली त्यांस केवळ शत्रू म्हणावयाचे आणि राबणाऱ्या गुलामांचा उल्लेखच गाळावयाचा, ही रीत सर्वत्र दिसते. अशा वहीस कोणताही प्रामाणिक व्यापारी बरोबर म्हणणार नाही. बूनचे धैर्य खरे. त्याच्या पाठीमागे एकटीने बारा मुले सांभाळणारीचे धैर्य तितकेच खरे. मुलांच्या हाती शूरांची चरित्रे देताना ही दुसरी बाजूही आपण त्यांस सांगावी, आणि मुलींस अशा शिकवाव्या की, आपली हकीकत आपल्या हाताने लिहून ठेवण्यास त्या समर्थ होतील.